बुरशीच्या बीजाणूचे चिलखत

पावसाळ्याच्या दिवसांत फडताळात राहून गेलेल्या भाकरीच्या तुकड्यावर, कोनाड्यातील चामड्याच्या वहाणेवर किंवा ओल आलेल्या भिंतीवर हिरवट, राखी अथवा काळी बुरशी चढलेली तुम्ही पाहिली असेल. जेथे काहीच नव्हते, तेथे दोन-तीन दिवसांत मखमलीसारखा थर पसरतो. ‘भाकरीला बुरशी आली’ असे आपण म्हणतो. पण ही बुरशी येते कोठून?

फार पूर्वी लोकांची अशी समजूत होती की, कुजणाऱ्या पदार्थांतून बुरशी आपोआप उत्पन्न होते. इ. स. १६६५ मध्ये रॉबर्ट हुक या इंग्रज शास्त्रज्ञाने पुस्तकाच्या कातडी बांधणीवर आलेली बुरशी आपल्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून पाहिली आणि तिचे चित्र काढून प्रसिद्ध केले. त्या चित्रात बारीक देठांवर उभी असलेली इवलीशी बोंडे दिसतात. पुढे इटलीतील फ्लॉरेन्स नगरीच्या मिकेली नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने या बोंडांतील भुकटी फळांच्या कापांवर पेरली. ज्या बुरशीची भुकटी पेरली होती तीच बुरशी तेथे उगवली. १७२९ मध्ये त्याने आपले निष्कर्ष ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. बुरशीची ती भुकटी म्हणजेच तिचे बीजाणू होत. मिकेली हा धर्मोपदेशकही होता. एका बुरशीचे बोंड पाहून त्याला चर्चमध्ये पवित्र जल शिंपडण्याच्या साधनाची आठवण झाली आणि त्या साधनाच्या लॅटिन नावावरून त्याने त्या बुरशीला ‘अ‍ॅस्परजिलस’ हे नाव दिले. आज आपण मुख्यतः याच बुरशीच्या बीजाणूची ओळख करून घेणार आहोत.

बीजाणू आणि बी यांचे कार्य एकच असले, तरी त्यांत मोठे अंतर आहे. हरभऱ्याच्या दाण्यात इवलेसे रोपटे आधीच तयार असते व त्याच्या जोडीला अन्नाचा भरपूर साठा असतो. अ‍ॅस्परजिलसचा बीजाणू म्हणजे केवळ एक पेशी. तिचा व्यास सुमारे दोन ते तीन मायक्रोमीटर असतो. एक मिलिमीटर म्हणजे एक हजार मायक्रोमीटर. म्हणजे असे सुमारे चारशे बीजाणू एका रांगेत मांडले, तेव्हा कोठे तुमच्या पट्टीवरील एक मिलिमीटर भरेल. इतका हलका कण वाऱ्याच्या किंचित झुळुकीनेही उडतो आणि फार काळ तरंगत राहतो. आपण दररोज श्वासावाटे असे शेकडो बीजाणू आत घेतो, आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो.

आता या प्रवाशाच्या अडचणींचा विचार करा. वर प्रखर ऊन आहे. त्यातील अतिनील किरण जीवपेशींना घातक असतात. भोवती कोरडी हवा आहे. ती पेशीतील ओलावा शोषून घेते. आणि वाटेत पावसाचा थेंब भेटला, तर त्यात भिजून इतर बीजाणूंबरोबर गोळा होऊन खाली पडण्याचे भय आहे. एका पेशीचा हा जीव इतक्या संकटांतून सुखरूप कसा पार पडतो? याचे उत्तर त्याच्या अंगावरील चिलखतात आहे. हे चिलखत एकपदरी नाही. त्याचे पदर आपण बाहेरून आत असे क्रमाने उलगडून पाहू.

पहिला पदर समजण्यासाठी अळूचे पान आठवा. अळवावरचे पाणी क्षणभंगुर असते, अशी आपल्या भाषेत म्हणच पडली आहे. पाण्याचा थेंब अळूच्या पानावर पसरत नाही. मोत्यासारखा गोल राहतो आणि पान किंचित कलताच घरंगळून जातो. पानावर मेणाचे अतिसूक्ष्म कण असल्यामुळे असे घडते. बुरशीच्या सुक्या बीजाणूंवरही पाणी असेच ठरत नाही. प्रयोगशाळेत बुरशीवर नुसते पाणी ओतले, तर बीजाणू त्यात मिसळत नाहीत. पाण्यावर तरंगत राहतात. म्हणून बीजाणू गोळा करताना संशोधक त्या पाण्यात साबणासारखे एखादे द्रव्य अगदी थोडे घालतात. मग ते भिजतात.

परंतु बीजाणूच्या अंगावर हे काम मुख्यतः मेण करीत नाही. एक प्रथिन करते. १९६० नंतरच्या दशकात शास्त्रज्ञांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने बीजाणूंचा पृष्ठभाग न्याहाळला. साध्या सूक्ष्मदर्शकातून गुळगुळीत भासणाऱ्या त्या पृष्ठभागावर त्यांना बारीक काड्या एकमेकींना लागून, जुडग्याजुडग्यांनी मांडलेल्या दिसल्या. जणू कोणी चटई विणून बीजाणूभोवती गुंडाळली होती! अशा एका काडीची जाडी सुमारे दहा नॅनोमीटर असते. एक मायक्रोमीटर म्हणजे एक हजार नॅनोमीटर; तेव्हा मघाशी ज्या बीजाणूचे चारशे मिळून एक मिलिमीटर भरला, त्या एकाच बीजाणूच्या रुंदीत अशा सुमारे अडीचशे काड्या शेजारी शेजारी मावतील.

या काड्या कशाच्या बनल्या आहेत, हे कळण्यास आणखी काही वर्षे जावी लागली. १९९१ मध्ये नेदरलँड्स देशातील ग्रोनिंगन विद्यापीठात प्राध्यापक वेसल्स व त्यांचे सहकारी वाळक्या लाकडावर उगवणाऱ्या एका लहान छत्रीचा अभ्यास करीत होते. त्यांना त्या छत्रीत एका विशेष प्रकारच्या प्रथिनांचा शोध लागला. या प्रथिनांना त्यांनी ‘हायड्रोफोबिन’ असे नाव दिले. ग्रीक शब्दांवरून घडविलेल्या या नावाचा अर्थ ‘पाण्याला भिणारे’ असा आहे. त्याच सुमारास इतर संशोधकांना असे आढळले की, अ‍ॅस्परजिलसच्या बीजाणूवरील काड्याही याच कुळातील प्रथिनाच्या असतात.

हे प्रथिन आकाराने लहान आहे. प्रथिने म्हणजे अमिनो आम्लांच्या माळा होत, हे तुम्ही विज्ञानाच्या पुस्तकात पुढे शिकाल. हायड्रोफोबिनच्या माळेत साधारण शंभर मणी असतात. त्यांपैकी आठ मणी एका विशिष्ट प्रकारचे असून त्यांत गंधक असते. हे आठ मणी दोन-दोन मिळून हात धरतात आणि गंधकाचे चार पूल तयार होतात. त्या पुलांमुळे माळ घट्ट आवळली जाऊन तिला ठरावीक आकार येतो. या आकाराची गंमत अशी की, त्याच्या एका बाजूला पाणी आवडते, तर दुसऱ्या बाजूला पाणी मुळीच आवडत नाही. बीजाणूच्या अंगावर हे रेणू ओळीने रचले जातात, तेव्हा पाणी आवडणारी बाजू आत पेशीकडे वळते आणि पाणी टाळणारी बाजू बाहेर हवेकडे येते. कोकणात भातलावणी करताना शेतकरी पाठीवर पानांचे इरले घेतो. बाहेरच्या बाजूने पाऊस ओघळून जातो आणि आतला माणूस आपले काम करीत राहतो. हायड्रोफोबिनचा पदर हे बीजाणूचे इरलेच होय.

हे इरले किती मजबूत असावे? कपडे धुण्याच्या चुऱ्यात असते तशा प्रकारच्या द्रव्यात उकळले, तरी ते विरघळत नाही. ते विरघळविण्यासाठी अतिशय तीव्र आम्ले वापरावी लागतात. आणि ते नसेल तर काय होते, हेही शास्त्रज्ञांनी पाहिले आहे. न्यूरोस्पोरा नावाची एक नारिंगी रंगाची बुरशी आहे. तिच्या एका वाणात हे प्रथिन तयारच होत नाही. त्या वाणाचे बीजाणू सहज भिजतात, एकमेकांना चिकटून त्यांचे गोळे होतात आणि ते वाऱ्यावर नीट उधळत नाहीत. एक प्रथिन गेले आणि प्रवासच खुंटला!

इरल्याच्या खाली दुसरा पदर आहे, तो रंगाचा. भाकरीवरील बुरशी हिरवट किंवा काळी दिसते, ती प्रामुख्याने या पदरामुळे. यात मेलॅनिन जातीची रंगद्रव्ये असतात. आपल्या केसांना व त्वचेला सावळा रंग देणारे द्रव्यही मेलॅनिनच म्हटले जाते. मात्र बुरशीतील मेलॅनिन निराळ्या रीतीने, निराळ्या कच्च्या मालापासून बनते. हा पदर अतिनील किरण शोषून घेतो आणि आतील पेशीला उन्हाची झळ लागू देत नाही. अ‍ॅस्परजिलसच्या एका वाणात हे रंगद्रव्य तयार होत नाही. त्याचे बीजाणू पांढरेफटक असतात. संशोधकांना असे दिसून आले की, आपल्या रक्तातील संरक्षक पेशी हिरवट बीजाणूंपेक्षा या पांढऱ्या बीजाणूंचा नाश अधिक सहजपणे करतात. रंग हे येथे केवळ शोभेचे लेणे नसून ढालही आहे.

त्याच्याही आत तिसरा पदर असतो. हा पेशीचा खरा तट, म्हणजे पेशीभित्तिका. तिच्यात ग्लुकान आणि कायटिन ही दोन द्रव्ये महत्त्वाची असतात. ग्लुकान म्हणजे द्राक्षात असणाऱ्या ग्लुकोज साखरेच्या कणांची लांबच लांब साखळी. साखर म्हटली की आपल्याला गोडी आठवते. पण तेच कण विशिष्ट रीतीने जोडले गेले की त्यांपासून गोडी नसलेला चिवट धागा बनतो. कायटिनचा शोध १८११ मध्ये ब्राकोनो या फ्रेंच शास्त्रज्ञाला अळिंबात लागला. पुढे तेच द्रव्य कीटकांच्या कवचात आढळले. आज आपल्याला ठाऊक आहे की, खेकड्याच्या व कोळंबीच्या कवचातही तेच असते. कोळंबीचे कवच आणि भाकरीवरची बुरशी यांचे असे नाते असेल, हे कोणाच्या मनात तरी आले असते काय?

या तीन पदरांच्या आत पेशी निजलेली असते. तिच्यात पाणी बेताचे असते, आणि ट्रेहॅलोज नावाची एक साखर साठविलेली असते. ही साखर पेशीतील नाजूक भागांना कोरडेपणापासून सांभाळते. अन्न नाही, हालचाल नाही, वाढ नाही. केवळ वाट पाहणे आहे.

सर्वच बुरशींचे चिलखत असे कोरडे असते, असे मात्र समजू नका. आंब्याच्या मोहोरावर आणि कोवळ्या पालवीवर ‘करपा’ नावाचा रोग पडतो. तो ज्या बुरशीमुळे होतो, तिचे बीजाणू वाऱ्यावर उडत नाहीत. ते चिकट रसात बुडालेले असतात. हा रस प्रथिने व शर्करा यांचा बनलेला असून तो बीजाणूंना सुकू देत नाही आणि गर्दीत असताना त्यांना रुजूही देत नाही. पावसाचा थेंब येऊन आदळला म्हणजे रस पातळ होतो आणि उडालेल्या शिंतोड्यांबरोबर बीजाणू शेजारच्या पानावर जाऊन पडतात. भातावरही करपा पडतो. नाव एकच असले, तरी ती बुरशी वेगळी आहे. तिचा बीजाणू वाऱ्याने येतो. पण भाताच्या पानावर पाणी ठरत नाही, मग बीजाणू तरी कसा ठरावा? त्यासाठी त्याच्या टोकाशी डिंकाचा एक इवलासा साठा असतो. ओलावा मिळताच तो डिंक बाहेर येतो आणि बीजाणू पानाला घट्ट चिकटतो. त्याची चिकाटी इतकी की, ज्यावर सहसा काहीच चिकटत नाही त्या टेफ्लॉनलाही तो चिकटतो, असे १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. जसा प्रवास, तसा पोशाख! वाऱ्याच्या वाटसरूला इरले, पावसाच्या वाटसरूला रस आणि निसरड्या पानावर उतरणाऱ्याला डिंक.

आता पुन्हा आपल्या अ‍ॅस्परजिलसकडे वळू. कारण त्याच्या चिलखताचा संबंध आपल्या प्राणांशी पोहोचतो. आपल्या फुप्फुसांत संरक्षक पेशींचा खडा पहारा असतो. परके काही आत आले, की त्या ओळखतात व त्यावर तुटून पडतात. मग दररोज आत जाणाऱ्या शेकडो बीजाणूंमुळे आपल्या छातीत रोज धुमश्चक्री का माजत नाही? पॅरिस येथील पाश्चर संस्थेतील संशोधकांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये या कोड्याचे उत्तर प्रसिद्ध केले. अखंड इरले असलेले बीजाणू संरक्षक पेशींपुढे ठेवले असता त्या पेशी स्वस्थ राहिल्या. परंतु बीजाणूंवरील हायड्रोफोबिनचा पदर रासायनिक क्रियेने काढून टाकल्यावर त्याच पेशी ताबडतोब सावध झाल्या. हा पदर आतील ग्लुकानसारखी ओळख पटविणारी द्रव्ये झाकून ठेवतो. पहारेकऱ्याला दिसते ते केवळ इरले. आतील माणूस दिसत नाही.

तर मग बीजाणू अजिंक्य आहे की काय? नाही. त्याच्या दुबळेपणाचे मर्मही याच चिलखतात आहे. निजलेला बीजाणू सुरक्षित असतो, पण निजून त्याचा वंश वाढत नाही. ओलावा, अन्न व ऊब मिळाली, की तो जागा होतो. काही तासांत तो पाणी शोषून फुगतो. त्याबरोबर बाहेरचा पदर ताणला जाऊन फाटतो, आणि आतून एक कोवळा अंकुर डोकावतो. या क्षणी ग्लुकान उघडे पडते. ज्या पहारेकऱ्यांनी झोपलेल्या बीजाणूकडे दुर्लक्ष केले, तेच आता त्याला ओळखतात आणि त्याचा फडशा पाडतात. निरोगी माणसाच्या शरीरात हे काम इतके बिनबोभाट चालते, की त्याला खोकलाही येत नाही. परंतु ज्यांची रोगप्रतिकारशक्ती गंभीर आजारामुळे अथवा तीव्र औषधांमुळे खालावलेली असते, त्यांच्या शरीरात पहारा अपुरा पडतो. अशा रुग्णांच्या फुप्फुसांत ही बुरशी वाढू लागली, तर जिवावर बेतू शकते.

अशा वेळी वैद्यांना औषध शोधावे लागते, आणि ते शोधणे फार अवघड असते. बुरशीची पेशी व आपली पेशी यांच्या अंतर्रचनेत पुष्कळ साम्य आहे. एकीला मारावे, तर दुसरीला इजा होण्याचे भय असते. परंतु बुरशीच्या तटातील जे ग्लुकान आपण मघाशी पाहिले, ते मनुष्याच्या पेशी बनवीत नाहीत. शास्त्रज्ञांनी नेमके हेच हेरले. ग्लुकान तयार होण्याची क्रियाच अडविणारी औषधे त्यांनी शोधून काढली. त्यांपैकी कॅस्पोफंजिन हे औषध २००१ मध्ये अमेरिकेत मान्यता पावले. असे औषध दिले म्हणजे वाढत्या बुरशीला आपला तट नीट बांधता येत नाही. बीजाणूच्या कवचात काय आहे, याचा ज्यांनी वर्षानुवर्षे निमूटपणे अभ्यास केला, त्यांच्या ज्ञानाचा उपयोग असा रुग्णाच्या खाटेपाशी झाला.

यातून आपल्यालाही रोजच्या व्यवहारातील दोन गोष्टी घेता येतात. हवेतील बीजाणू आपण थांबवू शकत नाही. परंतु त्यांना जागे करणारा ओलावा थांबविणे आपल्या हाती आहे. म्हणून धान्य व डाळी कडकडीत उन्हात वाळवून ठेवाव्या, लोणच्याच्या बरणीत ओला डाव घालू नये, घरात हवा खेळती ठेवावी. दुसरे असे की, बुरशी आलेला पदार्थ नाकाशी नेऊन हुंगू नये. त्याच्या एका हिरव्या ठिपक्यात असंख्य बीजाणू असतात. असा पदार्थ खाऊ नये. तो न हलविता झाकून टाकून द्यावा.

धुळीच्या कणाहूनही लहान असा हा जीव अंगावर इरले, ढाल आणि तट बाळगून हिंडतो. ते चिलखत त्याला ऊन, वारा, पाऊस व पहारेकरी या सर्वांपासून वाचविते. पण केवळ वाट पाहण्यापुरतेच. वाढावयाचे असेल, तर त्याला ते फोडून बाहेर यावेच लागते. त्याच्या जीवनातील सर्वांत मोठे साहस ते हेच, आणि त्याला गाठण्याची आपली संधीही तीच.

अभ्यास

१. बी आणि बीजाणू यांत कोणता फरक आहे?

२. मिकेलीने केलेला प्रयोग सांगा. त्या प्रयोगावरून कोणती जुनी समजूत खोटी ठरली?

३. बीजाणूच्या चिलखताचे तीन पदर बाहेरून आत असे क्रमाने लिहा व प्रत्येकाचे कार्य एका वाक्यात सांगा.

४. ‘जसा प्रवास, तसा पोशाख’ हे विधान पाठातील तीन बुरशींच्या उदाहरणांनी स्पष्ट करा.

५. झोपलेला बीजाणू संरक्षक पेशींना ओळखू येत नाही, पण जागा झालेला ओळखू येतो. असे का?

६. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा : पत्ता नसणे, फडशा पाडणे, जिवावर बेतणे, अळवावरचे पाणी.

७. करून पाहा : अळूच्या पानावर साध्या पाण्याचा एक थेंब व साबणाच्या पाण्याचा एक थेंब टाका. दोहोंत काय फरक दिसतो? त्याचा पाठातील कोणत्या भागाशी संबंध आहे, ते वहीत लिहा.